कॅल रिपकनने मैदानाबाहेर उभं केलेलं काम, आणि त्यातलं आपल्या उपयोगाचं काय

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: त्यांच्या तालुक्यातले एक खेळाडू, महाराष्ट्राकडून सॉफ्टबॉल खेळलेले, आता नोकरीतून निवृत्त होत आहेत. मुलांसाठी ट्रस्ट काढायचं त्यांच्या मनात आहे. अमेरिकेतल्या कॅल रिपकन या बेसबॉलपटूने निवृत्तीनंतर मोठं काम केलं, असं त्यांनी ऐकलंय. त्याने नेमकं काय केलं, आणि आपल्या तालुक्यात त्यातलं काही चालेल का?

मी सॉफ्टबॉलचा प्रशिक्षक आहे आणि एका क्रीडा संस्थेचा विश्वस्त म्हणून बरीच वर्षं काम करतोय. रिपकनच्या फाउंडेशनचं काम मी त्यासाठीच बारकाईने वाचत आलोय. चालेल, नक्की चालेल. पण लोकांच्या नजरेत भरतात ती त्याची हिरवीगार मैदानं, आणि उचलायची गोष्ट मात्र दुसरीच आहे. मुलांबरोबर जो मोठा माणूस आधीपासून रोज असतो, त्याचेच हात रिपकनने बळकट केले. बाहेरून नवे लोक आणून बसवले नाहीत. हे त्याला कसं सुचलं ते कळायला त्याची कारकीर्द माहीत हवी, म्हणून आधी ती सांगतो.

कॅल रिपकन ज्युनियरचा जन्म 24 ऑगस्ट 1960 चा, मेरीलँड राज्यातला. लहानपण गेलं अ‍ॅबर्डीन नावाच्या छोट्या गावात. वडील, कॅल रिपकन सीनियर, बॉल्टिमोर ओरिओल्स या क्लबच्या खालच्या श्रेणीतल्या संघांचे प्रशिक्षक होते. आज या गावात, पुढच्या हंगामात त्या गावात, अशी ती नोकरी. वडील घरी कमीच. शनिवारी सकाळी ते गावातल्या मुलांसाठी शिबिर घ्यायला निघाले की छोटा कॅल भल्या पहाटे उठून गाडीत जाऊन बसायचा. शिबिराची त्याला फारशी ओढ नव्हती. गाडीतला जाण्यायेण्याचा वेळ वडील फक्त त्याचे असायचे, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलंय. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण त्याच्या फाउंडेशनचं सगळं काम याच जागेवर उभं आहे.

1978 मध्ये ओरिओल्सने त्याला निवडलं, 1981 च्या ऑगस्टमध्ये तो मुख्य संघात आला. 30 मे 1982 पासून तो एकही सामना न चुकवता खेळायला लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये व्यवस्थापक (बेसबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाला असं म्हणतात) अर्ल वीव्हरने त्याला शॉर्टस्टॉपला उभं केलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा त्या काळी लहानखुऱ्या, चपळ खेळाडूंची समजली जायची, आणि हा गडी सहा फूट चार इंच. लोकांना ते पटलं नव्हतं. पण चेंडू कुठे येणार हे फलंदाज आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, यांना पाहून आधीच ओळखायचं आणि तिथे जाऊन थांबायचं, या कलेवर त्याने ती जागा अशी राखली की 1990 च्या अख्ख्या हंगामात त्याच्या हातून फक्त 3 चुका झाल्या. आमच्या मुलांना मी हा आकडा मुद्दाम सांगतो. जमिनीवरून येणारा चेंडू रोज शेकड्यांनी अडवणाऱ्या पोरांना त्याची किंमत लगेच कळते.

1982 चा सर्वोत्तम नवोदित तोच. 1983 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि त्याच वर्षी ओरिओल्सने फिलाडेल्फियाला हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अजिंक्यपद मालिका, जिंकली तेव्हा शेवटचा झेलही त्याच्याच हातात. 1991 मध्ये पुन्हा सर्वोत्तम खेळाडू. कारकिर्दीत 3,184 हिट्स, 431 होमरन, 19 वेळा ऑल-स्टार संघात निवड. आणि या एकवीस हंगामांत संघ एकच. ओरिओल्स सोडून तो कधी कुठे गेला नाही.

मधली वर्षं सुखाची नव्हती, आणि कौतुकाच्या लेखांत ती गाळली जातात. 1987 मध्ये वडील मुख्य संघाचे व्यवस्थापक झाले, धाकटा भाऊ बिली दुसऱ्या बेसवर खेळू लागला. 1988 चा हंगाम सुरू झाला आणि पहिले सहा सामने हरल्यावर क्लबने वडिलांना काढून टाकलं. संघ त्यानंतरही हरतच राहिला, ते सहा धरून सलग 21 सामने. वडिलांना काढणाऱ्या त्याच क्लबच्या गणवेशात कॅल पुढच्याच सामन्यात मैदानावर होता. पुढच्या काही हंगामांत फलंदाजी घसरली तेव्हा वर्तमानपत्रांतून टीका झाली की हा सलग सामन्यांच्या विक्रमासाठी खेळतोय, याने विश्रांती घ्यावी. मला विचाराल तर त्या टीकेत तथ्य होतं. थकलेल्या खेळाडूला बसवणं हेही प्रशिक्षकाचं काम असतं. पण रिपकनचं म्हणणं सरळ होतं: मी रोज तयार होऊन येतो, खेळवायचं की नाही ते व्यवस्थापकाने ठरवावं. आणि कुठल्याही व्यवस्थापकाला त्याच्याशिवाय संघ उतरवावासा वाटला नाही. 1993 मध्ये मैदानावरच्या हाणामारीत त्याचा गुडघा मुरगळला, सकाळी पाय टेकवेना, तरी संध्याकाळी तो खेळला.

आता 6 सप्टेंबर 1995 ची ती रात्र. त्याच्या आदल्या वर्षी खेळाडूंच्या संपामुळे हंगाम अर्ध्यावर बंद पडला होता आणि वर्ल्ड सिरीज रद्द झाली होती. लोक चिडलेले होते. खेळाडूही श्रीमंत, मालकही श्रीमंत, मग आम्ही तिकीट काढून कशाला यायचं, अशी भावना होती. त्या हंगामात रिपकन सामना संपल्यावर कुंपणापाशी थांबून तासन्‌तास सह्या देत राहिला. जुन्या जमान्यातला थोर बेसबॉलपटू लू गेरिग याचा सलग 2,130 सामन्यांचा विक्रम 1939 पासून अबाधित होता. त्या रात्री कॅम्डेन यार्ड्स या ओरिओल्सच्या घरच्या मैदानावर कॅलिफोर्निया एंजल्सविरुद्ध पाचव्या डावाचा पहिला अर्धा भाग संपला, म्हणजे नियमानुसार सामना अधिकृत ठरला, आणि मैदानामागच्या जुन्या विटांच्या गोदामावर टांगलेल्या फलकाचा आकडा उलगडला: 2,131. टाळ्या थांबेनात. तो पुन्हा पुन्हा बाहेर येऊन हात हलवत होता. शेवटी दोघा सहकाऱ्यांनी त्याला ढकलूनच मैदानाच्या फेरीला धाडलं. कठड्यावर झुकलेल्या लोकांचे, पोलिसांचे, माळ्यांचे, समोरच्या संघातल्या खेळाडूंचे हात हातात घेत तो चालत राहिला. खेळ बावीस मिनिटं थांबला होता.

त्या सामन्यासाठी मैदानाच्या कडेला जादा खुर्च्या टाकल्या होत्या, एकेक 5,000 डॉलरची. ते पैसे बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला गेले, गेरिग ज्या आजाराने गेला त्याच्या संशोधनासाठी, रिपकन आणि गेरिग या दोघांच्या नावाच्या निधीत. शरीराचे स्नायू एकेक करून निकामी करणारा तो आजार, एएलएस. ज्याचा विक्रम मोडला त्याच्याच आजारावर त्या रात्रीचा पैसा लावणं हे मला त्याच्या सगळ्या दानांत सर्वांत सुंदर वाटतं.

पुढच्या वर्षी जपानच्या साचिओ किनुगासाचा 2,215 सामन्यांचा विक्रमही त्याने ओलांडला, आणि किनुगासा स्वतः तो बघायला कॅन्सस सिटीला आला होता. 20 सप्टेंबर 1998 ला, हंगामातल्या घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याआधी, रिपकन व्यवस्थापकाकडे गेला आणि म्हणाला, आज मी बसतो. 2,632 वर त्याने स्वतःच ते थांबवलं. दुखापत नव्हती, कोणाचा दबाव नव्हता. वडील मार्च 1999 मध्ये गेले. 2001 मध्ये तो निवृत्त झाला आणि 2007 मध्ये टोनी ग्विनबरोबर हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला.

समाजकार्य मात्र निवृत्तीनंतर सुरू झालेलं नाही, आणि तुमच्या खेळाडू मित्रांना हे जरूर सांगा. खेळत असतानाच, 1980 च्या दशकाच्या अखेरीला, तो आणि त्याची तेव्हाची पत्नी केली बॉल्टिमोरमधल्या निरक्षर प्रौढांच्या कामात पडले होते. लोकांनी त्याच्या मैदानावरच्या कामगिरीशी जोडून देणग्या कबूल करायच्या आणि तो पैसा वाचायला शिकवणाऱ्या केंद्राला जायचा, अशी ती योजना. बेसबॉलपटू, आणि काम निवडलं प्रौढ साक्षरतेचं! त्याच्या शहराची तेव्हाची गरज ती होती. 1992 मध्ये त्याला रॉबर्टो क्लेमेंते पुरस्कार मिळाला. क्लेमेंते हा पोर्तो रिकोचा थोर खेळाडू. भूकंपग्रस्त निकाराग्वाला मदत घेऊन जाताना 31 डिसेंबर 1972 ला विमान कोसळून गेला. मैदानावर मोठा आणि समाजातही मोठा, अशा खेळाडूला तो सन्मान देतात.

2001 मध्ये कॅल, बिली आणि घरच्यांनी वडिलांच्या नावाने कॅल रिपकन सीनियर फाउंडेशन काढलं. आता याच्या कामाची रचना नीट बघा, कारण प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

बॉल्टिमोरमध्ये आणि अमेरिकेतल्या अनेक शहरांत अशा वस्त्या आहेत जिथे शाळा सुटल्यावर मुलांकडे बघायला कोणी नसतं. आईबाप कामावर, बाप अनेकदा घरातच नाही, आणि कोपऱ्यावर उभी असलेली टोळी मात्र रोज हजर. या मुलांसाठी फाउंडेशनने स्वतःच्या शाखा उघडल्या नाहीत. बॉइज अँड गर्ल्स क्लब, वायएमसीए, नगरपालिका, शाळा, पोलीस खातं, म्हणजे तिथे आधीपासून काम करणाऱ्यांना हाताशी धरलं. त्यांना खेळाचं साहित्य दिलं, शिकवण्याचा लिखित अभ्यासक्रम दिला, त्यांच्या माणसांना प्रशिक्षण दिलं. मुलाच्या आयुष्यात रोज येणारा मोठा माणूस त्याच गल्लीतला राहिला.

यातला मला सर्वांत धीट वाटतो तो ‘बॅजेस फॉर बेसबॉल’ हा उपक्रम. यात पोलीसच मुलांचे प्रशिक्षक होतात. आठवड्यातून ठरल्या वेळी तोच शिपाई येतो, त्याच मुलांबरोबर खेळतो, आणि खेळ झाल्यावर त्यांच्याबरोबर बसून बोलतो: मित्राने चोरीला बोलावलं तर नाही कसं म्हणायचं, राग आला तर काय करायचं, खायचं काय, झोपायचं कधी. बॉल्टिमोरमध्ये हे करणं किती अवघड आहे ते 2015 च्या एप्रिलमध्ये दिसलं. पोलिसांच्या ताब्यात असताना जखमी झालेला फ्रेडी ग्रे नावाचा तरुण मरण पावला, शहर पेटलं, आणि 29 एप्रिलला ओरिओल्सना रिकाम्या स्टेडियममध्ये, एकाही प्रेक्षकाविना सामना खेळावा लागला. खेळाच्या उपक्रमाने एवढी जुनी जखम भरत नाही, आणि तसा दावा कोणी करू नये. पण एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला एक पोलीस नावानिशी ओळखतो आणि त्या मुलालाही तो नावाने माहीत आहे, हे घडतं. मी मुलांबरोबर आयुष्य काढलंय. त्याचं मोल मला कळतं.

मैदानांचं काम यानंतरचं. ‘युथ डेव्हलपमेंट पार्क’ म्हणून ही मैदानं ओळखली जातात आणि आजवर शंभराहून अधिक उभी राहिली आहेत. सुरुवातीच्या मैदानांपैकी एक बॉल्टिमोरच्या जुन्या मेमोरियल स्टेडियमच्या जागी झालं, म्हणजे जिथे रिपकनने 1991 पर्यंत स्वतः खेळ केला तिथेच. कृत्रिम गवताचं मैदान, बेसबॉल, सॉकर, अमेरिकन फुटबॉल सगळं खेळता येईल अशा आखणीचं, आणि काही ठिकाणी व्हीलचेअरवरच्या मुलांनाही सहज उतरता येईल असं. कृत्रिम गवत निवडण्यामागे हिशेब आहे: पाऊस पडून गेला की लगेच खेळता येतं, पाणी घालावं लागत नाही, रोजची निगा कमी, त्यामुळे तुटपुंज्या बजेटची नगरपालिकाही ते चालवू शकते. फाउंडेशन बांधून देतं, चालवायची आणि मुलं आणायची जबाबदारी स्थानिक संस्थेची. अलीकडे प्राथमिक शाळांत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या छोट्या प्रयोगखोल्याही ते उभारून देतात, शेकड्यांनी. रचना तीच: साहित्य आणि प्रशिक्षण फाउंडेशनचं, शिकवणारे शिक्षक त्याच शाळेचे.

आता आपल्याकडे. कृत्रिम गवताच्या नादाला तुमच्या मित्रांनी लागू नये, हे मी ठामपणे सांगतो. मार्च ते मे आपल्याकडच्या उन्हात ते असं तापतं की मुलांचे पाय भाजतात, आणि आठ-दहा वर्षांनी अख्खं उखडून नवं टाकावं लागतं. तो खर्च पहिल्या दिवशी कोणीच धरत नाही. आपल्या भागात जिल्हा परिषदेच्या शाळांना मैदानं आहेत. मुरमाची आहेत, उंचसखल आहेत, पण आहेत. तिथे कमी पडतो तो पाचनंतर मैदानावर उभा राहणारा माणूस. एका गावात मी बघितलंय, देणगीतून सुरेख कुंपण झालं, फाटक झालं, उद्‌घाटनाची कोनशिला बसली, आणि किल्ली कोणाकडे राहणार हे न ठरल्यामुळे फाटकाला कुलूप लागलं. मुलं कुंपणाच्या फटीतून आत शिरून खेळत होती.

म्हणून पहिला पैसा माणसावर घाला. गावातला क्रीडाशिक्षक, अंगणवाडी ताईंचा मुलगा जो पोलीस भरतीची तयारी करतोय, जुन्या संघातली एखादी मुलगी जी लग्न होऊन त्याच गावात आलीय, असे दोन-तीन जण हेरा. त्यांना महिन्याला नियमित मानधन द्या, अगदी थोडं असलं तरी तारखेला द्या. ग्लव्ह, बॅट, चेंडू, बेस यांचा संच त्यांच्या ताब्यात द्या. आणि त्यांना शिकवायचं कसं ते शिकवा. रिपकन कुटुंबाची शिकवण्याची चार सूत्रं आहेत: सोपं ठेवा, का करायचं ते समजावून सांगा, प्रत्येक मुलाचं वेगळेपण जपा, आणि मजा येऊ द्या. आपल्याकडचे बरेच प्रशिक्षक, मीही ज्यांच्या हाताखाली शिकलो ते, दुसरं सूत्र वगळायचे. ‘गुडघे वाकव’ म्हणून ओरडायचे, का ते नाही. ग्लव्ह आधीच जमिनीलगत असला की उसळणाऱ्या चेंडूबरोबर तो आपोआप वर येतो, वरून खाली न्यावा लागला की हात उशिरा पोचतो, एवढं एकदा दाखवलं की पोरगी आयुष्यभर गुडघे वाकवते.

वारही ठरलेले ठेवा. मंगळवार, गुरुवार, शनिवार म्हटलं की पाऊस असो, पोळा असो, त्या दिवशी निदान कोणीतरी तिथे हजर हवं. खेळ होणार नसेल तर शाळेच्या वऱ्हांड्यात बसून नियम समजावा, डावाची नोंद कशी ठेवायची ते शिकवा. मुलं दोन वेळा येऊन परत गेली की तिसऱ्यांदा येत नाहीत, आणि सर्वांत गरजू मूल सर्वांत आधी यायचं थांबतं.

गाव पोलीस ठाण्याजवळ असेल तर ठाणेदारांना भेटून एखादा खेळाडू शिपाई आठवड्यातून एकदा मागा. आपल्या पोलीस दलात क्रीडा कोट्यातून आलेले चांगले खेळाडू आहेत आणि त्यांना मैदानाची ओढ असते. परवानगी लेखी घ्या, म्हणजे बदली झाली तरी पुढचा माणूस मिळवणं सोपं जातं.

पैशाची बाजू. ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्त कार्यालयात, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली. मग आयकर खात्याकडे दोन नोंदण्या, एक ट्रस्टच्या उत्पन्नाला करसवलत मिळावी म्हणून आणि दुसरी देणगीदारांना सवलत मिळावी म्हणून (या 12ए आणि 80जी नावांनी ओळखल्या जात आल्या आहेत). कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी हवा तर सीएसआर-1 फॉर्मही भरावा लागतो. ग्रामीण खेळ आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे मागायला संकोच करू नका. पण बहुतेक कंपन्या साहित्य आणि बांधकाम पटकन देतात, मानधनाला हात आखडता घेतात. अर्जात प्रशिक्षकाचं मानधन पहिल्या ओळीत लिहा आणि तीन वर्षांचं मागा.

आणखी एक गोष्ट रिपकनने फार स्वच्छ ठेवली आहे. त्याचा धंदाही आहे. अ‍ॅबर्डीनमध्ये त्याने खालच्या श्रेणीतला संघ आणला, मुलांच्या स्पर्धा भरवणारी संकुलं काढली, तिथे आईबाप पैसे भरून मुलांना खेळवतात. 2024 मध्ये ओरिओल्स क्लब विकत घेणाऱ्या गटातही तो आहे. पण धंद्याची कंपनी वेगळी आणि फाउंडेशन वेगळं. तुमचे मित्र जर फी घेऊन अकादमीही चालवणार असतील, आणि त्यात गैर काही नाही, तर अकादमीचा हिशेब, बँक खातं आणि नाव ट्रस्टपासून पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. त्यांचे पुतणे-भाचे अकादमीत पगारावर असतील तर त्यांना विश्वस्त मंडळात घेऊ नका. गावात एकदा शंका आली की ऑडिट कितीही चोख असलं तरी देणगी आटते.

नावाबद्दल विचारलंय ताईंनी शेवटी: ट्रस्टला त्यांचं नाव द्यावं की गावाचं? रिपकनने वडिलांचं दिलं, आणि ते वडील आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं घडवणारे प्रशिक्षक होते म्हणून ते शोभलं. तुमच्या मित्रांना ज्या सरांनी पहिल्यांदा हातात ग्लव्ह दिला, ते हयात असतील तर त्यांना विचारून त्यांचं नाव द्यावं असं मला वाटतं. कोणतंही द्या, पण नोंदणीच्या अर्जाआधी सगळ्या विश्वस्तांचं एकमत करा. नंतर नाव किंवा विश्वस्त बदलायचे म्हणजे धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल, सुनावण्या, तारखा. आणि तो निकाल येईपर्यंत बँकेपासून सीएसआरच्या अर्जापर्यंत सगळं अडून राहतं.